भाचीचं संशोधन, माझी गाडी

गुरुवार रात्र

भाची रात्री हुतात्मा एक्सप्रेसने उतरली. पाठीवर एकच सॅक, आणि तीत कपड्यांपेक्षा कागद जास्त. तिचा विषय सोळाव्या-सतराव्या शतकातलं विज्ञान आणि साम्राज्यं. पोर्तुगीज, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि शेवटी इंग्रज, यांनी एकमेकांकडून काय शिकून घेतलं, काय उचलून नेलं आणि कुणाच्या नावावर मांडलं, हे ती शोधत असते. त्यासाठी लिस्बनला आणि लंडनला दप्तरं चाळून झाली. आता जिथे हे घडलं ती जागा बघायची म्हणून सोलापूर.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं. जुनं दप्तर म्हटलं की मला एमबी आठवते, म्हणजे मोजमापांची वही. त्यामुळे गाडी माझी, चालवणार मी आणि मधे मधे शंका काढणारही मीच, हे जेवतानाच ठरलं. कडक भाकरी कुस्करून त्यावर दही आणि शेंगाची चटणी, असं तिचं ताट बघून मामी म्हणाली, "लंडनला हे मिळतं का गं?" मिळत नाही म्हणे.

शुक्रवार

भुईकोट किल्ल्यात मी लहानपणापासून जातोय. आमच्यासाठी ती बाग होती, शाळेची सहल जायची ती जागा. भाचीने खंदकाशी उभं राहून पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, हा किल्ला किती वेळा हुंड्यात गेलाय माहितीये का?"

गोष्ट अशी. १५२४च्या सुमाराला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झालं. सोलापूर आणि साडेपाच परगणे आंदण द्यायचं ठरलं होतं. ते काही दिले गेले नाहीत. त्यावरून दोन्ही घराण्यांत जी वैरं लागली ती चाळीसेक वर्षं पुरली. अखेर उलट्या दिशेने वरात निघाली. निजामशाहीची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तिच्याबरोबर सोलापूर गेलं, आणि मग १५६५मध्ये हेच व्याही मिळून विजयनगरावर चालून गेले.

हे मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. सोलापूरसाठी भांडणाऱ्या या बुऱ्हाण निजामशहाकडे एक पोर्तुगीज वैद्य ये-जा करत असे, गार्सिया द ऑर्ता. १५३४मध्ये तो हिंदुस्थानात आला, गोव्यात राहिला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३मध्ये त्याने गोव्यात आपलं पुस्तक छापलं, इथल्या औषधी आणि मसाल्यांवर संवादांच्या रूपात. दोन वैद्य बोलताहेत, एक युरोपातून ताजा आलेला आणि पुस्तकी, दुसरा स्वतः ऑर्ता, जो म्हणतो की मी डोळ्यांनी पाहिलंय. मधूनच मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बोलतो, घरातली दासी झाडपाला आणून दाखवते. निजामशहाबरोबरच्या गप्पाही त्यात आहेत. रोगांची अरबी नावं शहाने आपल्याला शिकवली असं तो मोकळेपणाने लिहितो.

"मग पुढे?"

"पुढे चार वर्षांत अँटवर्पला क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला. युरोपने वाचला तो सारांश. संवाद गेले, गप्पा गेल्या. मालुपा गेला, ती दासी गेली. उरली औषधांची माहिती."

ऑर्ताचंही काही भलं झालं नाही. मूळ ज्यू घराणं, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेलं. तो १५६८मध्ये मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं, आणि १५८०मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. ज्याचं पुस्तक युरोपभर वैद्य वापरत होते त्याच्या हाडांची ही तऱ्हा! मी तटाच्या सावलीला टेकलो. तटात देवळांचे कोरीव दगड चिणलेले आहेत, त्यातल्या एका मूर्तीच्या बरोबर खाली एक जोडपं भजी खात बसलं होतं.

किल्ल्याचा बाकी इतिहास मी तिला भरभर ऐकवला. १८१८च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोने तो पेशव्यांकडून घेतला, इथवर येऊन थांबलो, कारण ऊन चढलं.

संध्याकाळी फलटण गल्लीकडून येताना मलाही एक पान टाकायला मिळालं. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह हिंदी भाषांतरासह १९६३मध्ये छापला गेला तो आमच्या सोलापुरात. जीवराज गौतमचंद दोशी या इथल्याच गृहस्थांनी आपलं धन जैन ग्रंथांच्या छपाईसाठी देऊन टाकलं, त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत. भाचीने थांबून वहीत लिहून घेतलं. माझी कॉलर ताठ.

शनिवार

नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. जिल्हा आता धाराशिव, पण सोलापूरकराला पाहुणे आले की न्यायची जागा हीच. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. वरच्या अंगाला बोरीवर नवं धरण आहे, ते भरून सांडायला लागलं की किल्ल्यातले नर-मादी धबधबे वाहतात. दारातल्या पोऱ्याला विचारलं, "चालू हायत का?"

"कालपास्नं चालू हायत की काका. पब्लिक बघा की!"

पब्लिक होतंच. तुळजापूर करून आलेल्या जीपा, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, आणि सगळ्यांवर पाण्याचा आवाज. किल्ल्याचा मुख्य भाग आणि समोरचं रणमंडळ, यांच्या मधून बोरी जाते. त्या दोघांना जोडणारी दगडी भिंत म्हणजेच बंधारा. उंची नव्वदेक फूट. भिंतीच्या माथ्यावर दोन ठिकाणी पाण्याला वाट ठेवली आहे, एक नर आणि एक मादी. पूर आला की पाणी या दोन वाटांनी खाली कोसळतं. आणि भिंतीच्या पोटात, या दोन धबधब्यांच्या मधे, पाणी महाल. जिना उतरून आत जायचं. खिडकीशी उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला पाणी धो धो पडतंय, पाठीमागे भिंतीपलीकडे भरलेली नदी आहे, आणि खोलीतली फरशी कोरडी.

हे बांधलं १६१३मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन सांगतात. आत फारसी लेख आहे. या महालाकडे पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंचे डोळे दिपून आंधळे होतील, अशा अर्थाचा. भाची लेखाशी अडकली. मी भिंतीशी.

मी काय बघत होतो ते सांगतो. पाणी अडवणाऱ्या भिंतीवर रेटा किती येतो? पाण्याची खोली दुप्पट झाली तर रेटा चौपट होतो, आणि भिंत पालथी करायला बघणारा जोर आठपट. म्हणून दहा फुटी बांध गावातला कुणीही घालेल, पण नव्वद फुटी भिंत ही नऊ बांध एकावर एक रचून होत नाही. तिला तळाशी रुंदी लागते, खाली खडक लागतो, आणि माथ्यावरून जाणारं पाणी भिंतीच्या पायथ्याशी खड्डा पाडणार नाही याची सोय लागते. इथे हे सगळं आहे. शिवाय या गृहस्थाने भिंतीच्या पोटातच पोकळी ठेवली. आमच्या खात्यात असा नकाशा कुणी वर पाठवला असता तर तो लाल शाईने भरून परत आला असता. पूर मध्यावरून न नेता दोन बाजूंच्या वाटांनी नेला म्हणूनच मधली खोली कोरडी राहते. हौसेचं काम आहे, पण हिशेबाचंही आहे.

"हिशेब कुणी केला?" मी भाचीला विचारलं.

"कागद नाही, मामा."

"कागद नसेल. हिशेब असणार."

"असणार म्हणून मला लिहिता येत नाही ना!"

इथून जे सुरू झालं ते महालाच्या पायऱ्यांवर अर्धा तास चाललं. येणारे-जाणारे आमच्याकडे वळून बघत होते. तिचं म्हणणं असं की बांधणारे शहाणे होते यात वाद नाही. पण ते शहाणपण कुठून आलं, इराणी कारागिरांकडून, दख्खनच्या तळी बांधणाऱ्यांकडून, की अनेक बंधारे वाहून गेल्यावर उरलेल्या अनुभवातून, हे सांगणारा पुरावा लागतो. नाहीतर आपण अभिमानाचं भाषण करतो आणि त्याला इतिहास म्हणतो. माझं म्हणणं असं की ही भिंत हाच पुरावा आहे. चारशे वर्षं पूर अंगावर घेऊन ती उभी आहे. पुस्तकात लिहिलं ते विज्ञान आणि दगडात बसवलं ती कारागिरी, ही वाटणी मुळात केली कुणी?

यावर ती थोडी थांबली, आणि मग तिने मला स्पेनला नेलं. अलिकांतेजवळ तिबी नावाचं दगडी धरण आहे, १५९४मध्ये पुरं झालेलं, नळदुर्गाहून बरंच उंच. दुसऱ्या फिलिपचा काळ, त्याच्या साम्राज्यात गोवाही आलेला. ते धरणसुद्धा आजच्या अर्थाच्या गणिताशिवायच उभं राहिलं. भिंतीचा छेद ताणदाबाच्या गणिताने ठरवायचं शास्त्र फ्रान्समध्ये सॅझिलीने मांडलं ते १८५३मध्ये. "म्हणजे तिबीवाल्यांनाही कारागीरच म्हणायला हवं. पण जगाच्या इतिहासात तिबी येतं आणि नळदुर्ग येत नाही. का, ते मला शोधायचंय. नळदुर्ग थोर आहे हे सांगायचं नाहीये."

हे मात्र पटलं. सगळं नव्हे, पण एवढं.

मग उपळ्या बुरूज चढलो. भलताच उंच. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ, आणि तोफांवर बसून फोटो काढणारी पोरं. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. उतरून उसाचा रस घेतला.

रविवार

विजापूर शंभर किलोमीटर. टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. टाकळीच्या पुलावर मी गाडी हळू केली, कारण इथे केंद्रीय जल आयोग भीमेची पातळी आणि विसर्ग मोजतो. नोकरीत पावसाळ्यातल्या कितीतरी रात्री मी टाकळीच्या आकड्यांची वाट बघत काढल्यात. भाचीला पुलाचं कौतुक नव्हतं. तिला मुलूख-ए-मैदान तोफ गाठायची होती.

ही तोफ लोकांनी फोटोत पाहिलेली असते, पण तोंडाशी उभं राहिल्याशिवाय तिचा आवाका कळत नाही. सिंहाने जबड्यात हत्ती धरलाय असं तोंड. वजन पंचावन्न टन सांगतात. १५४९मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा माणूस. मग ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२मध्ये आदिलशाहीतल्या मुरार पंडिताने तिथून विजापूरला आणली. परांडा ते विजापूर! भीमा ओलांडून! इथे भाची तोफेच्या नक्षीबद्दल बोलत होती आणि मी मनात गाड्याची चाकं, नदीतला उतार आणि उन्हाळ्यातलं पाणी जमवत होतो.

इंग्रजांनी तिच्या धातूचं पृथक्करण केलं होतं. सुमारे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. कथील दख्खनमध्ये निघत नाही. ते मलायाच्या बाजूने समुद्रातून यायचं, आणि १५११पासून मलाक्का पोर्तुगीजांच्या हातात. म्हणजे तुर्की ओतारी, नगरची भट्टी, आणि कथील बहुधा अशा पाण्यातून आलेलं जिथे पोर्तुगीज जहाजं पहारा करत होती. भाचीच्या मते साम्राज्य आणि विज्ञान यांचं नातं बघायचं तर गोव्याच्या छापखान्याइतकंच या तोफेच्या भट्टीत बघायला हवं. मला हे तिच्या सगळ्या बोलण्यातलं सगळ्यात पक्कं वाटलं, कारण यात तोलून बघण्यासारखं काहीतरी होतं.

गोल घुमटात गर्दी आणि किंचाळ्या. घुमट बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा. वरच्या गॅलरीत कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं खरं, पण रविवारी कुजबुजतो कोण? पंधरा मिनिटांत खाली.

आसार महाल आम्ही बाहेरून पाहिला. समोर तळं, उंच लाकडी खांब, निवांत. भाचीला इथेच सगळ्यात जास्त वेळ हवा होता. आदिलशाही ग्रंथसंग्रहातलं जे काही मोगलांनंतर उरलं ते इथे पडून होतं. १८५३मध्ये कंपनी सरकारने ती हस्तलिखितं लंडनला नेली, चारशेच्या वर. तिने लंडनमध्ये त्यातलीच काही उघडून वाचली आहेत. आणि ती हस्तलिखितं ज्या घरातून गेली त्याच्या पायरीवर भाची आता बसली होती.

१८५३. काल सॅझिलीचं सालही तेच होतं, हे माझ्या लक्षात आलं आणि मी बोलून दाखवलं. योगायोग आहे, ती म्हणाली, त्यातून काही काढू नकोस. बरं. पण पुढच्याच वर्षी काय झालं तेही तिनेच सांगितलं. १८५४मध्ये मुलूख-ए-मैदान लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची, आणि मग कुणा अधिकाऱ्याला सुबुद्धी होऊन विक्री थांबली. कागद जपून जहाजात चढले. पंचावन्न टनांची किंमत दीडशे रुपये. नळदुर्गाच्या भिंतीला तर बोलीसुद्धा लागली नाही.

याच शहरातून बाहेर गेलेलं आणखी एक पुस्तक नुजूम अल-उलूम. १५७०, पहिल्या अली आदिलशहाचा काळ, म्हणजे ज्याच्या घरात चांदबिबीबरोबर सोलापूर आलं तोच. ग्रह-नक्षत्रं, यंत्रं-ताईत, हत्ती-घोडे, शस्त्रं, सगळं शेकडो चित्रांसह एका बांधणीत. आज ते डब्लिनला चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. मी म्हटलं, ताईत आणि तारे एकाच पुस्तकात, याला विज्ञान कसं म्हणायचं? ती म्हणाली, केप्लरसारखा खगोलशास्त्रज्ञही जन्मपत्रिका करून द्यायचा. गप्प बसलो.

फरिश्ता मात्र मला आवडला. सोलापूरच्या हुंड्याची भानगड आपल्याला कळते ती त्याच्या इतिहासातून. आधी निजामशाहीत होता, १५८९मध्ये विजापूरला आला. हा इतिहासकार वैद्यकाचाही अभ्यासक. हिंदुस्थानी औषधोपचारांवर त्याने फारसीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १८२९मध्ये कंपनीच्या सैन्यातल्या जॉन ब्रिग्जने त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं ते इतिहासाचं. राज्य चालवायला जे लागतं ते आधी नेलं जातं, असं भाचीचं सरळ उत्तर.

परतीच्या वाटेवर अंधारात तिने फोनवर एक पान दाखवलं. गाडी बाजूला घेऊन मी चष्मा चढवला. ॲमस्टरडॅमला १६७८मध्ये छापलेलं पान, आणि त्यावर आपली देवनागरी! डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड काढले, त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन आहे, त्यांच्याच लिपीत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचंही आहे. ऑर्ताच्या सारांशातून मालुपा गळाला. इथे मात्र चौघांची नावं आणि साक्ष छापली, कारण डचांना माहितीवर भरवशाचा शिक्का हवा होता. मी ते पान दोनदा मोठं करून बघितलं. मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता.

सोमवार

सकाळी माचणूर. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी किल्ल्याच्या भिंती. नदी दुथडी. औरंगजेबाचा तळ इथे १६९५ ते १६९९ होता, जवळच ब्रह्मपुरी. त्याआधी तो कृष्णेकाठी गलगल्याला असताना जेमेल्ली करेरी नावाचा इटालियन प्रवासी त्याला भेटला होता. तळावर पाच लाख माणसं असल्याचं तो लिहितो. आकडा फुगलेला धरला आणि निम्मा केला तरी माझ्या डोक्यात पाणीपुरवठा सुरू होतो. माणसं, हत्ती, उंट, बैल, आणि भीमा मे महिन्यात काय असते ते आम्हाला विचारा.

पाण्याने शेवटी दणका दिलाच. ऑक्टोबर १७००मध्ये तळ याच जिल्ह्यात माणनदीवर खवासपूरला होता. रात्री अचानक पूर आला, छावणी वाहून गेली, आणि पळापळीत पडून बादशहाचा गुडघा निखळला. तो उरलेलं आयुष्य लंगडला. दरबारी म्हणाले, हा तर तैमूरलंगाचा वारसा! भाचीला यात तळावरचे वैद्य आणि त्यांचे उपचार दिसतात. मला दिसतं ते एवढंच की आलमगिराच्या तळावर इतके ज्योतिषी असतील, पण माणच्या वरच्या अंगाला कुठे पाऊस पडतोय हे सांगणारा एक माणूस नव्हता. नळदुर्गाच्या मीर महंमदाला पूर किती येतो याचा अंदाज होता, त्याशिवाय त्याने त्या दोन वाटांची रुंदी ठरवली नसती.

"परत तिथेच आलास," भाची म्हणाली.

"मग येणारच."

देवळाच्या पायरीवर डबा सोडला. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. खाता खाता तिने वही काढून सौदा केला. नर आणि मादी, दोन्ही वाटांची रुंदी आणि माथ्यापासूनची खोली तिला मोजून हवी, शिवाय बोरीच्या पाणलोटाचं क्षेत्रफळ. त्यावरून किती मोठा पूर डोळ्यांसमोर धरून ही भिंत बांधली असेल, ते मी काढून द्यायचं. आकडा खरोखरच्या पुराशी जुळला तर हिशेब होता असं ती लिहील, माझ्या नावाने तळटीप देऊन. नाही जुळला तर तेही लिहील.

पूर असताना माथ्यावर टेप धरता येत नाही, आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागेल. तिने अर्जाचा मसुदा फोनवरच लिहिला. मी खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावून मोजणीची उपकरणं, स्टाफ आणि लेव्हल, मिळतील का विचारलं. मिळतील म्हणाला, मे महिन्यात या, तोवर बोरी कोरडी होते.